शब्दकोशात घाला

शनिवारी रात्री शटर ओढायच्या घाईत
पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली:
नवी आवृत्ती तयार आहे.
मी हो म्हटलं.
दिवसभर सगळ्यांना हो म्हणूनच चालतं आमचं,
लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं,
सलाटवाड्यातल्या मंडळाची पावतीपुस्तकं.

सोमवारी आले तर जुनी जागेवर नाही.
नवी शेजारी बसली असती तर चाललं असतं.
जुनीला पोटमाळ्यावर टाकली असती, तरीही.
ठेवायची का, एवढंसुद्धा विचारलं नाही कुणी.

केयूरला फोन लावला. अलकापुरीत होता,
तोंडात काहीतरी.
"बेन, जूनुं तो काढी ज नाखे ने," म्हणाला,
"एमां शुं?"

एमां शुं.
फाइली उघडल्या, सगळ्या. तेवढं बरं.
पण गणपतीच्या देणगीदारांची यादी उघडली
आणि पानभर लाल.
फणसे, खाली लाल नागमोडी रेघ.
घोरपडे, रेघ.
सरपोतदार, शिरगोपीकर, पागनीस.
अख्खा दांडिया बाजार
चुकीचा लिहिलेला.

चौदा वर्षं एकेक नाव शिकवलं होतं जुनीला.
उजवी कळ, शब्दकोशात घाला.
उजवी कळ, शब्दकोशात घाला.
गिऱ्हाईक टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत उभं,
आणि मी म्हणायची, थांबा जरा,
तुमची हिच्याशी ओळख करून देते.

ही नवी मात्र
बदलून आलेल्या मामलतदारासारखी
प्रत्येकाकडे पुरावा मागते.
वर सुचवतेही:
फणसे नाही, फणस म्हणायचंय का?
घोरपडे की घोरपड?
मोहितेंना तर मोहित करून मोकळी झाली.

दुपारी कोपऱ्यावरून चहा आणवला आणि बसले.
घोरपडे घातले.
मोहिते घातले.
पागनिसांचा मुलगा ब्रॅम्प्टनला,
नातवाच्या मुंजीची पत्रिका त्याने तिकडेच करून
सगळ्यांना मोबाइलवर पाठवली.
तरी घातले.
खासगीवाल्यांचे तिने दोन तुकडे केले,
खासगी आणि वाले,
आणि म्हणाली, आता दोन्ही बरोबर.
मी ते परत जोडून घातले.

राजूरकरांपाशी हात थांबला.
त्यांच्या निधनाची चौकट मीच लावली होती,
दीड इंच बाय दोन, फोटोसकट.
घरात मागे कुणी नाही.
आता कशाला लागेल हे नाव?
चहावर साय आली.
मग वाटलं, देणगीदारांच्या यादीत अजून आहेतच की,
एक्कावन रुपये, कायम ठेव, व्याजातून आरती.
घातले.

संध्याकाळपर्यंत पान बरंच पांढरं झालं.
उरले दिक्षीत.
पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ.
हवं उलटं, आणि तिने सुचवलंही नीट: दीक्षित.
दिवसभरात पहिल्यांदा तिचं बरोबर होतं.

पण माझ्या टेबलाशी एकदा एक गृहस्थ उभे होते,
प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळेचा दाखला,
वडिलांची घरपट्टी, रेशनकार्ड,
सगळीकडे असंच.
मी खोडून सुधारायला गेले
तर त्यांनी माझ्या पेनावर बोट ठेवलं.
"बाई, शुद्ध नका करू.
शुद्ध केलंत तर बँकेत मी मी नाही."
तेव्हा तिला चूक शिकवली होती,
मुद्दाम, जाणूनबुजून,
आणि चौदा वर्षं तिने ती
एकदाही हूं का चूं न करता सांभाळली.

बाहेर रिक्षावाल्याने दुसरा हॉर्न दिला.
दिवा लागला समोरच्या फरसाणवाल्याकडे.
मी बाण त्या लाल रेघेवर नेला.
उजवी कळ.